टाचेतला ठिपका

१२ जानेवारी

ठोंब्या,

पोचल्याचा फोन केलास, जीव भांड्यात पडला. मी फोनवर नुसतं "हो", "बरं", "जेवलास का" एवढंच बोलले म्हणून फुगून बसू नकोस. हे शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी काय बोलणार? माणूस विसरायला लागला म्हणून बहिरा होत नाही.

म्हणून हा कागद. तुला हसू येईल, की जिनं टेलिफोन एक्सचेंजमध्ये जन्म काढला तिला फोन नको आणि पत्र हवं. अरे, जन्म काढला म्हणूनच नको. आम्ही तारा जोडायचो तेव्हा गावाची निम्मी बोलणी कानावर पडायची. कुणाचं लग्न मोडतंय, कोण कुणाला टोपी घालतंय, सगळं. आमच्या मोठ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "कानात आलेलं कानातच मेलं पाहिजे." आणि ते मेलं. नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही. तुमच्या ह्या फोनला अशी कुणी मोठी बाई भेटलेली दिसत नाही. परवा जिन्यात शिंपीणबाईंना म्हटलं, डावा गुडघा फार धरतो हो. संध्याकाळपर्यंत फोनवर गुडघ्याच्या तेलांची रांग लागली. भिंतीला कान असतात म्हणतात, पण भिंत निदान तेल तरी विकत नव्हती.

आता मुद्द्याचं. हे दुपारी झोपले असताना आपण दोघांनी त्यांच्या उजव्या बुटाच्या टाचेत ते ठावठिकाणा सांगणारं बटण बसवलं. जोडे करणाऱ्याचा मुलगा तू, आणि टाच उचकटताना तुला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी बूट घातले, खोलीत इकडून तिकडे दोन फेऱ्या मारल्या आणि उभे राहिले. म्हणाले, "हा बूट खोटं बोलतोय." मी म्हटलं, वय झालं, आता जडच वाटणार. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला मान वळवावी लागली. तुझं नाव त्यांना दिवसदिवस आठवत नाही रे. पण टाचेत गव्हाच्या दाण्याएवढं काही शिरलं तर पायाला लगेच कळतं.

दोनदा ते घर सोडून गेले, दुसऱ्या वेळी पेट्रोल पंपावर सापडले, हे मी विसरलेले नाही. बटण हवं हे मलाही पटतं. पण आपण त्यांना विचारलं नाही, हे काही माझ्या मनातून जात नाही. तो ठिपका तुझ्या फोनवर असू दे, माझ्या फोनवर नको. मी बायको आहे, पहारेकरी नाही.

तुझी आई


२४ जानेवारी

आई,

तुझं पत्र ऑफिसात नेऊन वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं पाकीट हातात घेऊन वास घेतला. म्हणाली, कागदाला घराचा वास येतो. मी म्हटलं, बुटाच्या पॉलिशचा आहे.

तुझ्या भिंतीच्या कानांबद्दल. फोन ऐकत नाही गं, ऐकायची गरजच पडत नाही. तू औषधाच्या दुकानासमोर रोजच्यापेक्षा जास्त वेळ थांबलीस, जिना चढायला जास्त वेळ घेतलास, शिंपीणबाईंनी घरी जाऊन "गुडघेदुखी" शोधलं, आणि त्यांचा आणि तुझा फोन रोज एकाच इमारतीत झोपतात. एवढ्यावरून अंदाज बांधायचा आणि तेल दाखवायचं. माझा पगार ह्याच अंदाजांवर चालतो, तेव्हा फार शिव्या देऊ नकोस. दहातले नऊ अंदाज बरोबर येतात. चुकलेला दहावा कुणाला कळत नाही, कारण नको असलेलं तेल आपण बघून सोडून देतो.

बटणाचंही असंच. ते स्वतः कुठे फोन करत नाही. जवळून जाणाऱ्या कुठल्याही फोनला हळूच सांगतं, मी इथे आहे. तो फोन मालकाला न विचारता माझ्याकडे चुगली करतो. त्यामुळे रस्त्यावर माणसं असली की बाबा मला दिसतात. नकाशावर एक निळा ठिपका. सकाळी चहा घेताना मी आधी तो बघतो. तो आपल्या घरावर असला की मला गिळवतं.

विचारायचं म्हणतेस, तर काय विचारायचं होतं? "बाबा, तुम्ही हरवता, म्हणून तुमच्या बुटात हे घालतो"? ते पुढच्या मिनिटाला विसरले असते आणि अपमान तेवढा राहिला असता. मला हेच बरं वाटलं.

आणि फोनवर काही विचित्र सूचना आल्या तर उघडू नकोस, पुसून टाक. हल्ली फसवाफसवी फार आहे.

ठोंब्या


९ फेब्रुवारी

ठोंब्या,

आज तुला एक गंमत सांगायची आहे. गंमत म्हणावी की काय म्हणावं, तूच ठरव.

गेल्या आठवड्यात मी भाजी आणायला निघाले, तर माझे सँडल जागेवर नाहीत. सगळीकडे शोधले. शेवटी बघते तर हे मागच्या गॅलरीत बसलेले, मांडीवर माझे सँडल, बाजूला त्यांचे बूट, आणि ती जुनी पेटी उघडलेली. आरी, रापी, मेण लावलेला दोरा, सगळं ओळीनं मांडलेलं. त्या पेटीला त्यांनी कित्येक महिने हात लावला नव्हता. मी ओरडणार होते, की रापीनं बोट कापाल. पण हात बघितले आणि दारातच थांबले. ते हात थरथरत नव्हते रे. चमचा धरताना जे हात सांडतात ते रापी धरून लोण्यासारखं चामडं कापत होते.

माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, तुमची डावी टाच बाहेरून झिजलीय. तुम्ही डाव्या पायावर सरळ भार देत नाही. गुडघा दुखतो का?"

मी म्हटलं, "हो."

"मग सांगायचं नाही का? टाच वर घेऊन देतो. उद्या या, तयार ठेवतो."

मी त्यांची गिऱ्हाईक झाले होते. जिच्याशी संसार केला तिला "तुम्ही" म्हणत होते, आणि त्या "तुम्ही"त इतकं मार्दव होतं की मी "बरं" म्हणाले आणि आत येऊन स्वयंपाकघराच्या दारामागे पदर तोंडात कोंबून रडले. नवऱ्यानं मला ओळखलं नाही म्हणून रडले, की ओळख नसतानाही माझा गुडघा त्याला कळला म्हणून रडले, ते मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी खरंच गिऱ्हाइकासारखी गॅलरीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांनी सँडल पुसून माझ्यासमोर ठेवले. चालून बघा म्हणाले. मी चालले. ते माझ्या पावलांकडे बघत होते आणि मान डोलवत होते. आणि ठोंब्या, गुडघा दुखला नाही. आजतागायत दुखलेला नाही. तुझ्या फोनला म्हणावं, ठेव आता तुझी तेलं.

त्यांनी बुटाबद्दलची कुरकुरही थांबवली आहे. मला वाटतं, सवय झाली.

फोनवर एक सूचना मात्र सारखी येते, तुमच्यासोबत काहीतरी फिरतंय असं काहीबाही. तू म्हणालास तशी पुसून टाकते.

तुझी आई


२२ फेब्रुवारी

आई,

सँडलचं मी तीनदा वाचलं. मला लहानपणी त्यांच्या दुकानाचा कंटाळा यायचा, चामड्याचा वास कपड्यांना लागतो म्हणून. आज तो वास कुठे विकत मिळाला तर घेईन.

ती सूचना फसवाफसवीची नाही. ती बाबांच्या बटणाची आहे. अनोळखी बटण बराच वेळ आपल्यासोबत फिरलं की फोन सावध करतो, कुणी पाळत ठेवू नये म्हणून. ते बटण माझ्या नावावर आहे, आणि बाबा तुझ्यासोबत फिरतात, म्हणून तुझा फोन घाबरतो. बिनधास्त पुसून टाक.

आता मला तुला रागवायचं आहे. तू म्हणतेस, बाबांना एकटं सोडत नाहीस. मग दर गुरुवारी दुपारी ते बसस्थानकावर कसे जातात? मागच्या तिन्ही गुरुवारी ठिपका तिथे होता. शेवटच्या फलाटाशी, जिथून मी पहिल्यांदा गाव सोडलं त्या बाकाजवळ. तासभर हलत नाही. मग घरी परत. रस्ता चुकत नाही, मध्ये कुठे रेंगाळत नाही. पहिल्यांदा बघितला तेव्हा तुला फोन लावायला निघालो होतो. पण तो इतका शांत बसला होता की माझाच हात थांबला. आई, ते माझी वाट बघतात का गं?

मी ऑफिसात गुरुवारची मीटिंग सोडून बाथरूममध्ये जाऊन तो ठिपका बघतो. तेवढा वेळ मला वाटतं, मी त्यांच्याशेजारी बसलोय.

ठोंब्या


८ मार्च

ठोंब्या,

तुझं पत्र वाचून मी हातातलं काम टाकून बसले. तुला एक सांगायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, सांगितलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी शिंपीणबाई आपलं शिवण घेऊन ह्यांच्याजवळ बसतात आणि मी वाचनालयात जाते, असं मी तुला म्हणाले होते. मी वाचनालयात जात नाही. मी बसस्थानकावर जाते. शेवटच्या फलाटाशी, त्याच बाकावर. तिथे माझी कुणाशी ओळख नाही. गाड्या येतात, जातात. रडणारी बाई बसस्थानकावर कुणाला खटकत नाही, लोकांना वाटतं कुणाला तरी पोचवायला आली असेल. मी तासभर मनसोक्त रडते, नळावर तोंड धुते आणि घरी येऊन ह्यांना चहा देते.

आणि तू लिहितोस, गुरुवारी हे तिथे असतात! म्हणजे काय ते तुझ्या लक्षात आलं का? ते माझ्या मागून येतात. शिंपीणबाईंना विचारलं, तर आधी कानावर हात, मग म्हणाल्या, मशीन नसलं की मला दुपारी डुलकी लागते हो. म्हणजे त्या डुलक्या घेतात, हे बूट घालतात, माझ्या मागोमाग येतात, लांब कुठेतरी उभे राहून मी रडते ते बघतात आणि माझ्याआधी घरी पोचून खुर्चीत बसतात. मला एका शब्दानं कळू देत नाहीत.

मी गेल्या गुरुवारी मागे वळून वळून बघितलं. दिसले नाहीत. चहाच्या टपरीमागे असतील, नाहीतर खांबाआड. लग्न ठरलं तेव्हाही असेच एक्सचेंजच्या बाहेर खांबाआड उभे राहायचे. माझी पाळी सुटली की घरापर्यंत मागून चालत यायचे, जवळ यायची हिंमत नाही. मला वाटलं होतं, मी त्यांच्या डोक्यातून पुसली गेले. पण पायांना मी अजून माहीत आहे.

तुझ्या बटणाला मी नावं ठेवली, ती परत घेते. तुझ्या त्या ठिपक्यानं मला माझा नवरा परत दिला.

एक विचारते. शिंपीणबाई आता घाबरून आतून कडी लावायची म्हणतात. मी नको म्हटलं. गुरुवारपुरतं दार नुसतं लोटून ठेवावं असं मला वाटतं. कडी लावली तर ते येणार कसे? तू काय म्हणतोस?

तुझी आई


१८ मार्च

आई,

पत्र आत्ताच मिळालं आणि लगेच लिहितोय. ऑफिसात सगळ्यांसमोर डोळे भरून आले, मी म्हटलं सर्दी झाली.

दार लोटूनच ठेव. त्यांना येऊ दे. गुरुवारी मी पूर्ण वेळ ठिपक्यावर नजर ठेवतो, तू काळजी करू नकोस. तुमच्या दोघांच्या मागून मीही येतो असं समज.

आणि त्यांना कळू देऊ नकोस की आपल्याला कळलंय.

ठोंब्या


२५ एप्रिल

आई,

बाबांचे दिवस करून परत आलो त्याला आता दोन आठवडे झाले. घरी होतो तेवढे दिवस आपण दोघं त्या गुरुवारबद्दल बोललो नाही. येणारी माणसं विचारत होती आणि तू "उन्हात गेले" एवढंच सांगत होतीस. मी लिहून टाकतो, नाहीतर मला वेड लागेल.

तू घरी आलीस, दार सताड उघडं, शिंपीणबाई भिंतीला टेकून झोपलेल्या, बाबा नाहीत, बूट नाहीत. तू मला फोन केलास. मी नकाशा बघितला आणि हसलो, आई. मी हसलो. म्हटलं, अगं तुझ्या मागोमाग घरी पोचलेत, आत्ता घरातच आहेत, नीट बघ. तू न्हाणीघर बघितलंस, पलंगाखाली बघितलंस, गच्चीवर गेलीस. तू म्हणालीस, "मी त्यांच्या जुन्या दुकानाकडे बघून येऊ का? मला वाटतं ते तिकडे गेले." मी म्हटलं, नको, ठिपका घरावर आहे. तू तरीही चौकापर्यंत गेलीस, तर ठिपका हलला. मी ओरडलो, आले बाहेर! चौकात आहेत, तुझ्या अगदी जवळ, वळ! तू वळलीस. बाजाराकडे निघालेत, पळ! तू पळालीस. तुझा श्वास मला ऐकू येत होता. "कुठे रे, मला दिसत नाहीत." आणि मी म्हणत होतो, तुझ्यासमोरच आहेत आई, हात लांब केलास तर लागतील.

आणि ते त्या सगळ्या वेळात त्यांच्या जुन्या दुकानाच्या मागच्या अंगणात होते. आता तिथे फोनचं दुकान आहे, पुढून सगळी काच. मागच्या पायरीवर भर उन्हात, दार उघडायची वाट बघत बसले असतील. तू म्हणालीस तिथेच.

मी बटणाच्या कंपनीला रोज लिहितो. त्यांचं एकच उत्तर येतं, बटणात दोष आढळत नाही. म्हणून मला ते बूट हवे आहेत. दवाखान्यातून आलेली पिशवी तू माळ्यावर टाकलीस, ती मला उघडवली नाही. तू उघड. उजवा बूट मला पाठव. मी बटण काढून त्यांच्या तोंडावर मारणार आहे. कुणीतरी म्हटलं पाहिजे की चूक झाली. नाहीतर ती चूक माझी एकट्याची राहते.

ठोंब्या


७ मे

ठोंब्या,

बूट मी देऊन टाकले. स्टेशनाबाहेर एक म्हातारा अनवाणी बसतो, त्याच्या मापाचे निघाले. रागावू नकोस. जोडे पायात शोभतात, पार्सलात नाही.

कंपनीशी भांडत बसू नकोस. यंत्र आहे, चालतं कधी, बंद पडतं कधी. आमच्याकडेही तारा भलतीकडेच जोडल्या जायच्या आणि कुणी भलत्याच माणसाला "ऐकतेस ना गं" म्हणायचं. दोष कुणाला द्यायचा?

डॉक्टरांशी मी बोलले. ते म्हणाले, झटक्यात गेले, बसल्या जागी. कुणी शेजारी असतं तरी काही करता आलं नसतं. तेव्हा तू वळ म्हणालास काय आणि पळ म्हणालास काय, त्यानं फरक पडला नाही. दार मी उघडं ठेवलं होतं, तू नव्हे. हे एकदा नीट डोक्यात बसव आणि जेवत जा.

तुझी आई


२१ मे

आई,

मीही डॉक्टरांना फोन केला होता. इथे परतल्यावर लगेच. त्यांनी मला काय सांगितलं ते मी लिहीत नाही, कारण तुला ते माहीत आहे. तू माझ्यासाठी खोटं बोललीस, आणि तुझं पत्र हातात घेऊन मी बराच वेळ ते खरं मानायचा प्रयत्न केला.

दुसरं. मी घरी असताना नकाशा उघडायची मला हिंमत झाली नाही. इथे आल्यावर, बूट मागणारं पत्र टाकल्यानंतर एकदा उघडला. ठिपका चालू होता. मला वाटलं, मी फुटेन. बाबा नाहीत आणि ठिपका सकाळी दुधाच्या दुकानात जातोय. मग तू लिहिलंस की बूट त्या म्हाताऱ्याला दिले. मी म्हटलं, चला, निदान कुणाच्या तरी पायात आहेत.

पण तो म्हातारा आपल्या घरी झोपत नाही, आई. तो गुरुवारी शेवटच्या फलाटाशी जाऊन बसत नाही.

मग मी तुझी सगळी पत्रं पुन्हा काढली. सँडलचं पत्र, आणि त्याच पत्राच्या शेवटी ती सूचना. तुमच्यासोबत काहीतरी फिरतंय. आणि त्यावर मी लिहिलेलं उत्तर आठवलं, बिनधास्त पुसून टाक.

मी ज्याला बाबा समजत होतो ती तू होतीस ना? बाथरूममध्ये जाऊन मी ज्यांच्याशेजारी बसायचो ती तूच होतीस. आणि त्या दिवशी मी तुला तुझ्याच मागे पळवलं. तुझ्यासमोरच आहेत म्हणून सांगत होतो.

अंदाज बांधणं हा माझा धंदा आहे. दहावा अंदाज कुणाला कळत नाही, असं मीच तुला लिहिलं होतं.

मला तुला एक विचारायचं आहे, जे बाबांना विचारलं नाही. बंद करू का? तू म्हणशील तसं.

ठोंब्या


३ जून

माझ्या बाळा,

लहानपणी चष्मा कपाळावर ठेवून शोधायचास तेव्हा मी म्हणायचे, काखेत कळसा नि गावाला वळसा. ती म्हण मी आता जन्मात उच्चारणार नाही.

बूट मी कुणाला दिले नाहीत. तुझं बूट मागणारं पत्र आलं त्याच दिवशी माळ्यावरची पिशवी उतरवली. उजव्या बुटाची टाच बघितली. आपण बसवलेलं बटण तिथे नव्हतं. तिथे चामड्याची गोल चकती बसवलेली होती, इतकी चपखल की नख घालायला फट नाही. मी तो बूट मांडीवर घेऊन बसले आणि मला गॅलरी दिसली. मांडीवर माझे सँडल, शेजारी त्यांचे बूट. त्यांच्या टाचेत त्यांना काहीतरी जास्तीचं सापडलं. माझ्या टाचेत तेवढंच कमी होतं. घरातली वस्तू वाया घालवायची नाही ही त्यांची जन्माची सवय. नको तिथून काढलं आणि हवं तिथे बसवलं. बाकी त्यांना काय माहीत, की त्यात आपण काय भरून ठेवलंय? आपण सांगितलंच नव्हतं.

तुला कळू नये म्हणून खोटं लिहिलं. मी एकटीनं हे उचललं असतं. कानात आलेलं कानात मारायची मला सवय आहे.

आणि डॉक्टर म्हणाले ते मला माहीत आहे. वेळ होती. मला दुकानाकडे जावंसं वाटलं होतं आणि मी गेले नाही. तू नको म्हणालास म्हणून नाही रे. मला स्वतःलाच तो ठिपका खरा हवा होता. ते माझ्या मागून येतात हे मला इतकं हवं होतं की मी दार उघडं टाकलं. खांबाआड कुणी नव्हतं. माझ्या मागे कधीच कुणी आलं नाही. मी रडत होते तेव्हा ते घरी खुर्चीत बसलेले असायचे, शिंपीणबाईंना "दुकान कधी उघडायचं" विचारत. हे शिंपीणबाईंनीच मला परवा सांगितलं, हुंदके देत. हे मला फार लागलंय. त्यांच्या जाण्याइतकंच लागलंय. तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही, म्हणून सांगते.

तू विचारलंस, बंद करू का. बरं झालं, विचारलंस.

सँडलमधून बटण काढायचं तर टाचेचा टाका उसवावा लागेल. मी तो उसवणार नाही. मेणाचा दोरा आहे, एकसारखा, शेवटचा टाका आत दडवलेला. त्यांच्या हातचं एवढंच माझ्या पायात उरलंय. म्हणून बटण राहील. पण तुझ्या फोनवरून तो ठिपका तू पुसून टाक. आजच. मी भाजीला गेले की दवाखान्यात, घरी आहे की नाही, हे तू चहाबरोबर बघू नकोस. मी कुठे जाऊन रडते ते तुला कळावं असं वाटत असेल तर मला विचार. लिहून विचार. मी खरं उत्तर देईन.

पुढच्या गुरुवारी मी बाकावर असेन. त्यानंतर एखाद्या गुरुवारी तुला सुट्टी मिळाली तर ये. ठिपका नको, तू ये. शेवटच्या फलाटाशी उतर, मी समोरच बसलेली असेन.

आणि गुडघा अजूनही दुखत नाही.

आई